स्वयंपाकीण कोणाची

२ नोव्हेंबर, रविवार

रोजनिशी पुन्हा सुरू. मध्यंतरी बंद होती, कारण लिहिण्यासारखं कुणी वागतच नव्हतं.

नेमसिंगचा फोन. त्याच्या 'साप्ताहिक उजेड'मधल्या माझ्या 'परखड' सदरासाठी पुस्तक ठरलं. 'विस्मृतीचा काढा'. रहस्यकादंबरी. लेखिका सुरभी वानखडे, मूळची यवतमाळची, हल्ली पुण्यात. पाचवी आवृत्ती. पाचवी! लोकांना दुसरे उद्योग नाहीत. नेमसिंग म्हणाला, "दादा, जरा गोड लिहा. बाई तेवीस तारखेले आपल्याच वाचनालयात येऊन राह्यली." मी म्हटलं, नेमसिंग, तू फ्लेक्स छापतोस ते ठीक आहे, पण समीक्षा म्हणजे वाढदिवसाचा फ्लेक्स नव्हे. तो गप्प झाला. किंवा फोन कटला. बहुतेक गप्पच झाला.

पुस्तक प्रभावतीताईंकडून आणलं. महिला वाचक मंडळ त्याच चालवतात. मोबाइलवर कुठल्याशा वेलनेस मॅडमला फॉलो करायला लागल्यापासून त्यांच्या घरी पाहुण्याला चहाऐवजी मेथीचं पाणी मिळतं. दारातच प्यायला लावलं. तोंड अजून कडू आहे. अशा तोंडाने पुस्तक उघडणं लेखिकेवर अन्याय होईल, म्हणून उद्यापासून.

संकल्प: रोज पन्नास पानं. लाल पेन हातात. दया नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

नऊ पानं. अक्षर बारीक.

कथा अशी. डोंगरावर एक वेलनेस सेंटर. तिथे पाच इन्फ्लुएन्सर जमतात. एक तूप विकते, एक श्वास विकतो, एक जण नुसता उठून बसतो आणि त्याचे व्हिडिओ लाखो लोक बघतात. तूपवाली वाफेच्या खोलीत मरते. नायिका तारा तिथेच होती, पण तिने काढा प्यायला होता म्हणून तिला काही आठवत नाही. मग चारशे पानं ती आठवत बसते.

रहस्यकथा आहे की सरकारी चौकशी?

मला हा प्रकारच पटत नाही. माणसाला आठवत कसं नाही? उमरखेड स्टँडच्या माइकवरून मी आयुष्यभर गाड्या पुकारल्या. पुसद, महागाव, हदगाव, ढाणकी, नांदेड. कागद कधी पाहिला नाही. आजही झोपेतून उठवा, अख्खं टाइमटेबल म्हणून दाखवतो. बायकोला, नलूला, हे सांगितलं. ती दहावीच्या गणिताच्या वह्या तपासत होती. म्हणाली, "त्या दिवशी हदगावची गाडी लागली होती अन् तुमी नांदेड पुकारलं. अर्धी गाडी भांडाले आली होती." असं काही झालेलं नाही. शिक्षिकांना दुसऱ्याच्या चुका शोधायची खोड लागते. घरी आल्यावर त्यांनी ती चपलेसोबत बाहेर काढून ठेवावी.

५ नोव्हेंबर, बुधवार

पान चाळीस. खुनी कळला. योगा टीचर. फार गोड बोलतो. रहस्यकथेत गोड बोलणारा माणूस सुटत नाही.

टपरीवर जाहीर केलं. सगळे ऐकत होते. नेमसिंग बिस्कीट बुडवत होता, पण ऐकत होता. एक जण म्हणाला, काका आता आम्ही काहून वाचावं? मी म्हटलं, वाचूच नका, तेच तर सांगून राह्यलो.

खुनी कळल्यावर उरलेली पानं वाचणं ही निव्वळ औपचारिकता. तरी वाचणार. मी प्रामाणिक माणूस आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस वाचन झालं नाही. चष्म्याची दांडी. दुसऱ्या दिवशी दांडी ठीक होती पण मूड गेलेला.

दरम्यान नलूने माझ्या टेबलावरून पुस्तक उचललं आणि दोन संध्याकाळींत संपवलं. न विचारता. मी म्हटलं, शेवट सांगू नको. ती म्हणाली, "सांगण्यासारखा नाहीच हाय." मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "तिले काहीच आठवत नाही म्हणे. अन् दर प्रकरणाच्या शेवटी बरोब्बर सोयीचं तेवढं आठवते. हे विसरणं नव्हे, हा टॅप झाला. पाहिजे तवा सोडला, नाही तवा बंद."

मी लक्ष दिलं नाही. सामान्य वाचकाची प्रतिक्रिया.

९ नोव्हेंबर, रविवार

स्मरणशक्तीला अधिक धार यावी म्हणून बदाम भिजत घातले होते. कधी घातले ते आठवेना. डबा उघडला तर वास. फेकले. मूळ कल्पना योग्य होती, बदाम खराब होते.

दुपारी जेवून पलंगावर पुस्तक घेतलं. आज मात्र वाचन असं लागलं की विचारू नका. पानामागून पान. डोळे मिटले तरी पुढचं दिसत होतं, इतकी एकाग्रता. उठलो तेव्हा चहाची वेळ झाली होती, पुस्तक छातीवर उलटं, आणि शेवट माझ्यासमोर स्वच्छ. खुनी योगा टीचर नाहीच! स्वयंपाकीण! रोज सकाळी चहा देता देता ती प्रत्येकाला सांगते की काल तुम्ही असं बोललात, तुम्ही तिकडे गेला होतात. कुणाचाच स्वतःच्या आठवणीवर भरवसा नसतो, म्हणून ती सांगेल तेच सगळ्यांना खरं वाटतं. खून करून ती सगळ्यांच्या डोक्यात आपल्याला हवी तशी रात्र भरून ठेवते.

भिकार शेवट. संतापाने चहा गार झाला.

खूण पान एकशे बारावरच राहिली होती. खूण पुढे सरकवायचं भान राहिलं नाही, इतका गुंग होतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

प्रभावतीताई पुस्तक परत न्यायला आल्या. मंडळातल्या वच्छलाबाईंचा नंबर लागला होता. झालं का वाचून, विचारलं. म्हटलं, केव्हाच. कसं वाटलं? म्हटलं, 'उजेड'मध्ये वाचा, आणि वाचायच्या आधी काहीतरी गोड खा. त्या म्हणाल्या, मी साखर सोडली. या बायकांना टोमणाही पचत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

परीक्षण लिहिलं. एका बैठकीत. काही वाक्यं इथे उतरवतो, कारण नेमसिंगचा काय भरवसा, कापेल.

"हे विसरणं नव्हे, हा टॅप आहे. पाहिजे तेव्हा सोडला, नाही तेव्हा बंद." हे वाक्य कुठून सुचलं माहीत नाही. अशी वाक्यं येतात, आपण फक्त मार्ग द्यायचा.

"शेवटी स्वयंपाकिणीवर खून ढकलून लेखिकेने मराठी वाचकाच्या बुद्धीचा अपमान केला आहे. जी बाई इतरांच्या आठवणी रांधून वाढते, अशी बाई कुठे असते का?"

"लेखिकेने पुढचं पुस्तक लिहू नये, ही समाजसेवा ठरेल."

नलूला वाचून दाखवावं म्हटलं तर ती शाळेत. बरंच झालं. माझ्या लेखनावर मत द्यायची तिला घाई असते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अंक आला. पान तीन, पूर्ण. शेजारी टाइल्सची जाहिरात आहे, पण नजर माझ्याकडेच जाते.

नेमसिंगने एक शब्द कापला नाही. म्हणाला, "मले वेळच नव्हता वाचाले." याला म्हणतात विश्वास.

प्रभावतीताईंचा फोन: "भाऊ, आम्ही वाचलं ते पुस्तक अन् तुमी वाचलं ते, एकच हाय काय?" दाद कशी द्यावी हे बाईला कळतं, मेथीचं पाणी सोडलं तर. समीक्षकाने असंच वाचावं, की इतरांना ते दुसरंच पुस्तक वाटावं.

नलूने अंक वाचला. टॅपच्या वाक्यापाशी थांबली. मग शेवटाशी थांबली, जरा जास्त वेळ. माझ्याकडे पाहिलं. अंक घडी करून ठेवला. भारावली असावी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ठरलं. तेवीसला फक्त ऐकायला जायचं नाही. उभं राहायचं. प्रश्न विचारायचा. तोंडावर. माइक घ्यायचा नाही, माझ्या आवाजाला लागत नाही.

प्रश्न तयार: "बाई, तुमच्या कादंबरीतल्या स्वयंपाकिणीला मेंदू आहे, मग लेखिकेला का नाही?"

जरा कडक आहे. पण बाई पुण्याहून येत आहेत, त्यांना सवय असेल. मागच्या अंगणात सराव केला. शेजारचं कुत्रं उठून गेलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

लिहायची इच्छा नाही. पण सत्य नोंदवणं आवश्यक, नाहीतर उद्या लोक काहीही सांगतील.

हॉल भरलेला. बायका जास्त. नलू मागच्या रांगेत, शाळेतल्या दोघींबरोबर. सुरभी वानखडे वयाने माझ्या मुलीएवढी, दीपाएवढी असेल. साधी साडी, केस आखूड. हसून बोलत होती. मला ते आवडलं नाही. ज्याने लोकांची चारशे पानं वाया घालवली त्याने हसू नये.

प्रश्नांची वेळ आली. मी उभा राहिलो. 'उजेड'चा समीक्षक इंद्रजित पाईकराव, अशी ओळख करून दिली आणि प्रश्न टाकला. माझा आवाज भिंतीवर आपटून परत आला.

ती म्हणाली, "स्वयंपाकीण? काका, माझ्या कादंबरीत स्वयंपाकीणच नाही. तिथे सगळे पंधरा दिवस ज्यूसवर असतात."

हसले. सगळे. वच्छलाबाई तर तोंडाला पदर लावून हसत होत्या, ज्यांना मी त्यांच्या मुलीच्या लग्नात व्यासपीठावरून बोलून उपकृत केलं होतं. प्रभावतीताईंनी उभं राहून सांगितलं, "भाऊ, खुनी योगा टीचर होय. ते तर पन्नासाव्या पानावरच समजते." मग लेखिकेकडे वळून, "मॅडम, माफ करा, पण समजते." लेखिकेचं हसणं जरा कमी झालं. तेवढंच समाधान.

मी ताबडतोब म्हटलं, योगा टीचर हे मीच सर्वांच्या आधी सांगितलं होतं. टपरीवर. नेमसिंग साक्षीला आहे. नेमसिंग पहिल्या रांगेत फोटो काढत होता. म्हणाला, "दादा, तुमी तर नवरा म्हटलं होतं." नवरा! तारेचं लग्नच झालेलं नाही! अशा माणसाच्या हातात आपल्या तालुक्याची पत्रकारिता आहे.

खाली बसणार होतो. पण ती म्हणाली, "थांबा काका. तुमचं परीक्षण मी वाचलंय. तो शेवट माझा नाही, पण माझ्यापेक्षा फार चांगला आहे. लोकांना त्यांच्या आठवणी वाढणारी बाई. दोन वर्षं मी असं काहीतरी शोधत होते आणि सापडलं नाही म्हणून योगा टीचरवर भागवलं. हा शेवट कुणाचा?"

मी कॉलर नीट केली.

मी म्हटलं, माझा.

त्या क्षणी मला तो शेवट वाचनात आल्यासारखा वाटलाच नाही. माझाच वाटला. परीक्षणात भिकार म्हटलं होतं ते लेखिकेच्या संदर्भात. माझा म्हणून पाहिलं तर तो अप्रतिम आहे.

तिने विचारलं, "मग त्या बाईला पकडतात कसं?"

मी खाकरलो. पाणी मागितलं. पाणी प्यालो. म्हटलं, ते गुंतागुंतीचं आहे.

आणि मागून आवाज आला. "पकडत नाहीत."

नलू. उभी होती. वर्गात उभी राहते तशी, हात पर्सवर. म्हणाली, "तिले पकडत नाहीत. पोलीस येतात, सगळ्यायच्या जबान्या घेतात. पण सगळ्यायची जबानी म्हणजे तिनंच सकाळी सांगितलेलं. सगळं जुळते. इतकं जुळते का पोलिसालेच शंका येते, कारण खऱ्या माणसायचं कधी जुळत नाही. माझ्या गोष्टीत धर्मशाळा होती मॅडम, वेलनेस सेंटर नव्हतं. तवा वेलनेस नव्हतं."

सुरभी वानखडे खुर्चीच्या टोकावर आली. "तुम्ही लिहिलीये?"

नलू म्हणाली, "लिहिली नाही. सांगितली. यायले कावीळ झाली होती, पुसदच्या दवाखान्यात होतो. हे घाबरून जायचे, झोपत नव्हते. म्हणून रोज थोडी थोडी रचून सांगायची. दीपा पोटात होती."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी टाइल्सकडे पाहिलं. वाचनालयाच्या टाइल्स चांगल्या नाहीत.

"आणि पुढे?" लेखिकेने विचारलं. "शंका आल्यावर?"

नलू म्हणाली, "बाकीचं राहू द्या. आज तुमच्या पुस्तकाचा दिवस हाय." आणि बसली. टाळ्या झाल्या. लेखिकेलाही एवढ्या झाल्या नव्हत्या.

घरी येताना ती पुढे, मी मागे. मी म्हटलं, निदान आधी सांगायचं. ती म्हणाली, "अंक वाचला तवा वाट पाहिली होती मी. म्हटलं आठवंन."

२४ नोव्हेंबर, सोमवार

थंड डोक्याने विचार केला.

कावीळ आठवते. उसाचा रस आठवतो. पिवळी भिंत आठवते, किंवा भिंत पांढरी होती आणि मी पिवळा होतो. सलाइनची बाटली आठवते. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा आठवतो, जो घोरायचा. पण नलू कथा सांगत होती हे आठवत नाही. मुळीच नाही.

मग मला कसं कळलं की तिने सांगितली? कारण ती म्हणते. आणि ती काय करते? रोज सकाळी चहा देता देता मला सांगते. तुम्ही काल गॅस बंद केला नाही. तुम्ही वीजबिलाबद्दल हो म्हणालात. तुम्ही दीपाला रागावलात. आणि मी मानतो! इतकी वर्षं मानत आलो!

म्हणजे स्वयंपाकीण कोण, हे उघड आहे.

टपरीवर हा मुद्दा मांडला. नेमसिंग म्हणाला, "दादा, मग वहिनीनंच रचली ना कथा. तिच्याच डोक्यातली बाई होय." मी म्हटलं, प्रश्नच चुकीचा आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सुरभी वानखडेचा फोन. मी उचलला. बोलायला सुरुवात केली, तिची कादंबरी अगदीच टाकाऊ नाही असं म्हणायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, "काका, नलूताई आहेत का?"

बराच वेळ बोलल्या. नलू हसत होती. मध्येच ती खिडकीपाशी गेली आणि बोटाने काचेवर काहीतरी रेघा मारत ऐकत राहिली. तिला असं फोनवर बोलताना मी पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलं असेल.

फोन ठेवून म्हणाली, "सुरभी म्हणते, कथा पूर्ण लिहा, दिवाळी अंकाले पाठवू. पुढच्या दिवाळीले." मी म्हटलं, दहावीच्या परीक्षा आहेत, तुला वेळ कुठे. ती म्हणाली, "काढंन."

नेमसिंगचाही निरोप. 'परखड' काही दिवस विश्रांती घेईल. त्याच्या जागी पाककृती. वाचकांची मागणी म्हणे. वाचकांना पोट आहे, एवढाच त्याचा अर्थ.

३० नोव्हेंबर, रविवार

निर्णय. कथा मी लिहिणार. नलूच्या आधी.

हे चोरणं नव्हे. कथा सांगायला एक माणूस लागतो आणि ऐकायला एक. मी ऐकली नसती तर ती तिथेच दवाखान्यात विरून गेली असती. माझ्या डोक्यात ती इतकी वर्षं जपून राहिली, भाड्याशिवाय. शिवाय 'माझा' असं मी सर्वांसमोर म्हटलेलं आहे, आणि शब्द पाळणं हा माझा स्वभाव.

नवा पेन आणला. कागद आणले. संकल्प: आठ दिवसांत पूर्ण.

३ डिसेंबर, बुधवार

सुरुवात उत्तम झाली. 'धर्मशाळा' हे नाव, त्याखाली माझं नाव. मग स्वयंपाकीण आली. चहा आला. माणूस मेला. पोलीस आले. जबान्या जुळल्या. पोलिसाला शंका आली.

पुढे?

डोळे मिटले. पलंगावर पडून पाहिलं. त्या दिवशी असंच सुचलं होतं. जेवूनही पडलो. झोप उत्तम लागली. बाकी काही नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

पोलिसाला बदली देऊन पाहिली. धर्मशाळा जाळून पाहिली. योगा टीचरही आणून पाहिला. जमत नाही.

नलू रोज शाळेतून आली की टेबलावर बसते आणि लिहिते. खोडतेही फार. मी पाणी प्यायच्या निमित्ताने तीन वेळा मागून गेलो. तिचं अक्षर बारीक, चष्म्याशिवाय लागत नाही, आणि चष्मा घालून मागे उभं राहणं बरं दिसत नाही.

७ डिसेंबर, रविवार

आज सरळ विचारलं. सहज विचारल्यासारखं, खिडकीबाहेर बघत. म्हटलं, बरं का, त्या पोलिसाला शंका आल्यावर पुढे काय होतं?

नलूने मान वर केली नाही. म्हणाली, "तुमची कथा होय ना?"

मी म्हटलं, आपली म्हण. आजारी मी होतो.

ती हसली. मग पेन थांबला आणि ती म्हणाली, "मलेच आठवत नाही. दवाखान्यात शेवट वेगळा होता, तुमाले रडू आलं होतं तो ऐकून. माझा हात धरून झोपले होते तुमी. तोच शेवट आठवून राह्यली मी दहा दिवसांपासून. तुमाले तर आठवतच नाही, मंग विचारू कोणाले?"

मी खिडकी लावून घेतली.

म्हटलं, तू लिही, मी चहा करतो. तिने चष्म्यावरून पाहिलं, आपण बरोबर ऐकलं का असं. स्वयंपाकघरात गेलो. पातेलं सापडलं. पत्ती सापडली. आलं किसलं, बोटही थोडं. दूध ओतलं. मग डबा हातात घेऊन उभा राहिलो आणि तिथूनच ओरडलो, साखर किती?

ती म्हणाली, "मी साखर घेत नाही. कवाचीच सोडली."